धान्य न मोजणारा सेनापती

नॉर्मन डिक्सन दहा वर्षं ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी होते. नोकरीत असताना जखमी झाले, आणि ती जखम बरीचशी आपल्याच गलथानपणाची देणगी होती असं ते स्वतःच सांगायचे. १९५०मध्ये वर्दी उतरवली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी विद्यापीठात पाऊल टाकलं, मानसशास्त्रात पहिल्या वर्गात पदवी घेतली, मग पीएचडी. पुढची वीसेक वर्षं त्यांनी ज्या विषयात घालवली त्याचा तोफा-बंदुकांशी काही संबंध नव्हता. डोळ्यांसमोरून इतक्या झटकन गेलेली गोष्ट, की 'पाहिली' असंही आपण म्हणणार नाही, तीसुद्धा मेंदू टिपतो का, हा त्यांचा विषय. या कामासाठी लंडन विद्यापीठाने त्यांना १९७४मध्ये पदकही दिलं.

आणि मग १९७६मध्ये या प्रयोगशाळेतल्या प्राध्यापकाने एक जाडजूड पुस्तक काढलं, ज्यामुळे जग त्यांना ओळखायला लागलं: 'ऑन द सायकॉलॉजी ऑफ मिलिटरी इनकॉम्पिटन्स'. लष्करी अक्षमतेचं मानसशास्त्र. क्रिमियन युद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश सेनापतींनी केलेल्या घोडचुकांची त्यात चिरफाड आहे. नावावरून वाटतं की मूर्ख जनरल लोकांची टिंगल असेल. थोडी आहेही, डिक्सन यांची जीभ तिखट आहे. पण त्यांचा खरा दावा असा की हे लोक मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर प्रश्न सोपा होता, बुद्धिमत्ता चाचणी लावली की काम झालं.

या पुस्तकाशी मी गेलं वर्षभर भांडतो आहे. माझा पेशा सॉफ्टवेअरचा, युद्धाशी माझा संबंध सिनेमापुरता. तरी भांडतो, कारण डिक्सन यांनी एक प्रश्न उभा केला आणि उत्तर न देता निघून गेले. प्रश्न असा: एखाद्याच्या अक्षमतेमुळे हजारो माणसं मेली, आणि ती अक्षमता त्याच्या स्वभावातून, बालपणातून आणि ज्या संस्थेने त्याला वर चढवलं तिच्या रचनेतून आली हे दाखवून दिलं, तर मग त्याला दोष द्यायचा की नाही? समजून घेतलं म्हणजे माफ केलं का?

डिक्सन यांची मांडणी थोडक्यात अशी. सैन्य म्हणजे हिंसेचा साठा. तो आटोक्यात ठेवायला शिस्त लागते: कवायत, चकचकीत बूट, सॅल्यूट, हुद्द्यांची उतरंड. पण अशी रचना एका विशिष्ट प्रकारच्या माणसाला फार सुखाची वाटते. ज्याला नेमकेपणा हवा असतो, अनिश्चितता सहन होत नाही, वरच्याची शाबासकी हवी असते आणि यशाच्या ओढीपेक्षा अपयशाची भीती मोठी असते, असा माणूस. अॅडोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०मध्ये ज्याला 'हुकूमशाही व्यक्तिमत्त्व' म्हटलं, त्याच्या जवळचा. शांततेच्या काळात हा माणूस भराभर वर जातो, कारण तो कोणालाही नको ते ऐकवत नाही. युद्ध सुरू होतं आणि आता त्यालाच नको ते ऐकावं लागतं. तिथे तो मोडतो. नको असलेली माहिती नाकारणं, शत्रूला कमी लेखणं, ठरलेल्या बेताला चिकटून राहणं, हरल्यावर बळीचा बकरा शोधणं ही लक्षणं पुस्तकात युद्ध बदललं तरी पुन्हा पुन्हा दिसत राहतात.

सिंगापूरचं उदाहरण माझ्यासारख्याला विशेष झोंबतं. तिथल्या मुख्य इंजिनिअरने, ब्रिगेडिअर सिम्सनने, जनरल पर्सिव्हलला परोपरीने विनवलं की बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तटबंदीचं काम सुरू करू या, सामान आहे, माणसं आहेत. उत्तर मिळालं की अशी बांधकामं सैनिकांच्या आणि लोकांच्या मनोधैर्याला वाईट. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं. जपानी उत्तरेकडूनच आले होते. ज्याने कधी स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये 'यावर आत्ता बोलायला नको, टीमचा मूड जाईल' हे वाक्य ऐकलंय त्याला पर्सिव्हल परका वाटणार नाही.

पण मी अडकलो ते सिंगापूरवर नाही, कूतवर.

कूत अल-अमारा हे टायग्रिस नदीच्या वळणावरचं गाव, आजच्या इराकमधलं. शाळेत आपल्याला हे नाव शिकवत नाहीत, आणि ते विचित्र आहे, कारण तिथे वेढ्यात सापडलेल्या तुकडीचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फंट्री होती, ११७वी मराठा पलटण होती. साताऱ्याकडे 'मिलिटरी' ही उपाधी गावाच्या नावातच मिरवणारं अपशिंगे आहे. तिथल्या घराघरांतून लोक या असल्या लढायांना गेले. सेनापती मात्र होता मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड. नेपोलियनचा भक्त, लष्करी इतिहासाचा कीडा, गप्पिष्ट, नाटकवेडा. वीस वर्षांपूर्वी, १८९५मध्ये, चित्रलच्या किल्ल्यात त्याने दीड महिना वेढा झेलला होता, सुटकेची फौज येईपर्यंत तग धरला होता आणि इंग्लंडमध्ये हिरो होऊन परतला होता. हे चित्रल लक्षात ठेवा.

१९१५च्या उन्हाळ्यात टाउनशेंड टायग्रिसवरून वर वर सरकत होता आणि जिंकत होता. सप्टेंबरअखेर कूत घेतलं. आता वरिष्ठ, म्हणजे जनरल निक्सन, म्हणाले बगदाद घ्या. टाउनशेंडला दिसत होतं की हे अंगाशी येणार. माणसं कमी, नदीतल्या बोटी त्याहून कमी, रसदीची वाट शेकडो मैल लांब. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने तार करून तसं कळवलं. वरून नकार आला. खाजगी लिखाणात तो कुरकुरत राहिला, आणि फौज घेऊन निघाला. नोव्हेंबरच्या शेवटी टेसिफॉनला लढाई झाली, साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, उरलेले माघार घेत कूतला आले. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला.

इथे धान्याची गोष्ट येते. टाउनशेंडने बाहेर कळवलं की साठा महिना-दोन महिन्यांचा आहे, लवकर या. सुटकेची फौज तयारी अपुरी असताना घाईने निघाली. जानेवारी १९१६मध्ये शेख साद, वादी, हन्ना अशा एकामागून एक लढायांत चिखलात कापली गेली. आणि जानेवारीच्या शेवटी टाउनशेंडची नवी तार आली: गावातली घरं तपासली, बराच साठा मिळाला, अजून पुष्कळ दिवस निघतील. तोवर त्याने शिधाही नीट कमी केला नव्हता. प्रत्यक्षात कूत २९ एप्रिलपर्यंत टिकलं, एकूण १४७ दिवस. कूतच्या आतले वाचावेत म्हणून झालेल्या प्रयत्नांत बाहेर २३ हजारांच्या घरात माणसं मेली वा जखमी झाली. कूतच्या आत होते साधारण तेरा हजार.

ही बेरीज-वजाबाकी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढची पानं वाचवेनात. शत्रूची ताकद ओळखायला चुकणं समजू शकतो. नदीला पूर कधी येईल हे चुकणं समजू शकतो. पण धान्य? ते तुमच्याच गावात आहे, तुमच्याच ताब्यात. मोजायला फक्त माणसं पाठवायची.

डिक्सन यांचं स्पष्टीकरण मनात खोलवर जाणारं आहे. टाउनशेंडला कूत टिकवायचं कमी आणि सुटका करून घ्यायची जास्त होती. चित्रलचं यश त्याला पुन्हा हवं होतं: वेढा, धैर्य, सुटका, टाळ्या. त्या कथेत धान्य मोजण्याला जागाच नाही. उलट, धान्य पुष्कळ निघालं तर सुटकेची घाई कमी होईल. तो हिशेब त्याने जाणूनबुजून केला असं डिक्सन म्हणत नाहीत. डोळ्यांसमोरून गेलेलं पण 'न पाहिलेलं' काहीतरी मनात काम करत राहतं, हा तर त्यांचा आयुष्यभराचा विषय. म्हणूनच मला वाटतं, त्यांची प्रयोगशाळा आणि त्यांचं हे पुस्तक लोक समजतात तितके वेगळे नाहीत.

आता माझं भांडण.

पहिलं भांडण तांत्रिक आहे, लवकर संपवतो. डिक्सन हरलेल्यांची यादी घेऊन त्यांच्यात समान गुण शोधतात. तेच गुण असलेले पण जिंकलेले किती, याची तितकी कसून मोजदाद नाही. डेटावर काम करणारा कोणताही ज्युनिअरसुद्धा इथे बोट ठेवेल. शिवाय हे सगळे रुग्ण मेलेले. त्यांची पत्रं, डायऱ्या आणि शत्रूंनी लिहिलेली चरित्रं यांवरून निदान चाललंय. डिक्सन यांना हे ठाऊक होतं, ते इतिहासकाराचा आव आणत नाहीत. तरी सांगून ठेवावं.

दुसरं भांडण खरं. आमच्या क्षेत्रात 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' नावाची प्रथा आहे. सर्व्हर पडला, डेटा उडाला, की दुसऱ्या दिवशी सगळे बसतात आणि काय घडलं ते लिहून काढतात. नियम एकच: कोणाचंही नाव दोषी म्हणून घ्यायचं नाही. माणूस चुकतो हे गृहीत. एका माणसाची चूक एवढी पसरू कशी दिली, हा प्रश्न यंत्रणेला विचारायचा. ही पद्धत मला मनापासून पटते. दोष द्यायला लागलं की माणसं लपवायला लागतात आणि पुढचा अपघात आणखी मोठा होतो. या चष्म्यातून डिक्सन यांचं पुस्तक म्हणजे कूतचं ब्लेमलेस पोस्टमॉर्टेमच आहे. ज्या संस्थेने पन्नास वर्षं आज्ञाधारकपणाला बढत्या दिल्या, तिने टाउनशेंड तयार केला. त्याला का झोडपायचं?

पण या पद्धतीच्या पोटात एक अट आहे, जी कोणी मोठ्याने म्हणत नाही. दोष नाही, कारण तू खरं सांगणार आहेस. ज्याने चुकीची कमांड चालवली तो उठून सांगतो 'मी चालवली, अकरा वाजून दहा मिनिटांनी', त्या क्षणी तो दोषाच्या हिशेबातून बाहेर पडतो. जो लॉग पाहिलेच नाहीत आणि 'सिस्टिम ठीक आहे' म्हणून कळवलं, त्याला हे कवच लागू पडतं का? मला वाटतं, नाही. चुकणं आणि न पाहणं या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, आणि सगळी अक्षमता एकाच पोत्यात भरली की हा फरक हरवतो.

अॅरिस्टॉटलने हा फरक फार पूर्वी ओळखला होता. दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा देणारे कायदे होते, त्यांचा तो दाखला देतो. गुन्हा करताना त्याला काही कळत नव्हतं हे खरं, पण न कळण्याच्या अवस्थेत जाणं त्याच्या हातात होतं. आणि जे सहज माहीत करून घेता आलं असतं ते निष्काळजीपणामुळे माहीत नसेल, तर ते अज्ञान माणसाला सोडवत नाही. टाउनशेंडचा स्वभाव त्याच्या हातात नव्हता, हे मान्य. चित्रलची नशा त्याने मागून घेतली नव्हती, हेही अर्धं मान्य. पण कोठारात माणूस पाठवणं? त्यासाठी व्यक्तिमत्त्व बदलावं लागत नाही. एक हुकूम पुरतो, आणि हुकूम देणं हेच तर त्याचं काम होतं.

इथे कोणी म्हणेल, सुटकेची फौज पोचली असती तर? मग टाउनशेंड पुन्हा हिरो झाला असता आणि धान्याचं नाव कोणी काढलं नसतं. योगायोग असा की डिक्सन यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, १९७६ला, बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशिबा'वरचे त्यांचे निबंध मांडले. आपण माणसाला जोखतो ते बरंचसं त्याच्या हाताबाहेरच्या परिणामांवरून, ही त्यांनी दाखवलेली अडचण. बगदादच्या मोहिमेला ती तंतोतंत लागू होते. बगदाद मिळालं असतं तर तेच 'धाडस' ठरलं असतं. पण धान्य न मोजणं नशिबावर अवलंबून नाही. फौज पोचली असती तरी ते तेवढंच वाईट राहिलं असतं, फक्त आपल्याला कळलं नसतं.

त्याहून अवघड आहे ती ऑक्टोबरमधली तार. टाउनशेंडने सांगितलं होतं. एकदा. लेखी. आता यात त्याची नैतिक जबाबदारी संपली का? 'मी सांगितलं होतं' हे वाक्य आमच्या पिढीला फार प्रिय आहे. मेल पाठवून ठेवायची, चॅटचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, मग निवांत. मी आधी काम करत होतो त्या एका कंपनीत शुक्रवारी संध्याकाळी एक रिलीज जायची होती आणि टीममधल्या पाचही जणांना माहीत होतं की ती तयार नाही. सगळ्यांनी एकमेकांना खाजगीत तसं लिहिलं होतं. मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, 'सगळं ओके?' आमच्यातल्या सर्वांत सीनिअरने मान हलवली. नंतर त्याच्याकडे तीन आठवड्यांपूर्वीची मेल निघाली, 'रिस्क आहे' अशी. कोणी मेलं नाही, काही दुकानदारांचे पैसे चार दिवस अडकले, एवढंच. पण ती मेल त्याने ज्या समाधानाने दाखवली ते समाधान मला अजून आठवतं. ती मेल रिलीज थांबावी म्हणून लिहिलेली नव्हतीच. अंगावर आलं तर ढाल हवी म्हणून लिहिलेली होती.

टाउनशेंडच्या तारेबद्दल मी इतकं कठोर बोलणार नाही. सैन्यात नकार म्हणजे राजीनामा, आणि त्याने राजीनामा दिला असता तर कोणीतरी दुसरा फौज घेऊन गेलाच असता. हा युक्तिवाद मला खोडता येत नाही. स्टॅनली मिलग्रॅमच्या येल विद्यापीठातल्या प्रसिद्ध प्रयोगात ४०पैकी २६ जण समोरच्याला ४५० व्होल्टपर्यंत 'शॉक' देत गेले. त्यांच्यातले बरेच जण कुरकुरत होते, घाम पुसत होते, 'हे बरोबर नाही' म्हणत होते. म्हणत म्हणत बटण दाबत होते. कुरकुर हा आज्ञाभंग नाही. कुरकुरीमुळे आज्ञा पाळणं सुसह्य होतं. पण मिलग्रॅमच्या माणसांवर एका दुपारची जबाबदारी होती. ज्याने तीस-पस्तीस वर्षं हुद्दा, पगार आणि मान घेतला तो नेमका कशासाठी घेतला? माझ्या मते अशा एका तारेनंतरची दुसरी आणि तिसरी तार पाठवण्यासाठी.

कूत पडल्यावर काय झालं तेही सांगायला हवं. खुद्द टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. त्याच्या कुत्र्याला, स्पॉटला, सन्मानाने ब्रिटिशांकडे परत पाठवण्याची व्यवस्था झाली. कैदेत असतानाच त्याला 'सर' किताब मिळाला. त्याची माणसं वाळवंटातून पायी हाकली गेली, रेल्वेच्या कामाला लावली गेली. कैदेत चार हजारांहून जास्त मेली. १९१७मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, लंडनमध्ये भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. टाउनशेंड परतला, पुस्तक लिहिलं, खासदार झाला.

आणि इथे माझं तिसरं भांडण, जे डिक्सन यांच्याशी आहे तितकंच त्यांच्या सगळ्या विद्याशाखेशी आहे. त्यांच्या पुस्तकात सेनापतीला मन आहे. बालपण आहे, भीती आहे, आई-वडील आहेत, न पाहिलेलं पाहणारं अंतर्मन आहे. शिपायाला आकडा आहे. कूतच्या वेढ्यात शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. ब्रिटिश शिपाई खात होते, भारतीयांतले बहुतेक नाकारत होते. तारेने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, ती आलीही, तरी एप्रिलपर्यंत बहुतेकांनी तोंड लावलं नाही. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, दात हलले, तरी नाही. याला अडाणीपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण विचार करा, परवानगी देणारा धर्मगुरू गावच्या पंगतीत शेजारी बसायला येणार नव्हता. परत गेल्यावर भावकी काय म्हणेल, मुलीचं लग्न ठरेल का, हा हिशेब त्या उपाशी माणसाने स्वतः केलेला होता. तोही वेढ्यात होता, फक्त त्याच्या भोवती दोन वेढे होते. एवढं गुंतागुंतीचं मानसशास्त्र समोर असताना आपण टाउनशेंडच्या चित्रलबद्दलच का बोलतो? कारण त्याने डायरी लिहिली, आणि ती इंग्रजीत होती.

खालून लिहिलेलं अगदीच नाही असं नाही. बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमधला शिशिरप्रसाद सर्वाधिकारी कूतला होता, कैदेतही गेला. त्याचं 'अभि ले बगदाद' बंगालीत १९५७मध्ये आलं, डिक्सन यांच्या पुस्तकाच्या एकोणीस वर्षं आधी. अमिताव घोष यांनी त्यावर लिहिल्यानंतर ते पुष्कळांपर्यंत पोचलं. नेतृत्वावरच्या अभ्यासक्रमात ते लावलं पाहिजे, असं माझं मत. नेतृत्व कसं असतं हे वरून जितकं कळतं त्यापेक्षा खालून जास्त कळतं.

ही गोष्ट एका लष्करी मानसशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिली होती. विल्फ्रेड बिऑन यांचा जन्म १८९७चा, मथुरेतला. पहिल्या महायुद्धात ते रणगाड्यावर होते, कांब्रेच्या लढाईत शौर्यपदक मिळालं. दुसऱ्या महायुद्धात ते मनोविकारतज्ज्ञ म्हणून लष्करात आले. अधिकारी निवडीची नवी पद्धत १९४२मध्ये सुरू झाली तेव्हा त्यांनी 'नेता नसलेला गट' ही कल्पना दिली. आठ-दहा उमेदवारांना एक काम द्यायचं, कोणालाही प्रमुख नेमायचं नाही, आणि बघत बसायचं. प्रत्येकाला एकट्याने चमकायचं आहे, पण काम सगळ्यांनी मिळून केलं तरच होणार. या कात्रीत माणूस काय करतो? ती पद्धत त्याच महायुद्धात भारतात आली आणि आजही एसएसबीत चालते. ज्यांनी एनडीए किंवा सीडीएससाठी तयारी केली आहे त्यांना ती दोरी, फळ्या आणि रंगवलेले अडथळे डोळ्यांसमोर येतील. चित्रांवरून गोष्टी लिहा, साठ शब्दांवर पंधरा-पंधरा सेकंदांत वाक्यं लिहा, मग मैदानावर गट. हे सगळं शिकवणारे क्लास आता पुण्यात गल्लोगल्ली आहेत. गटात 'नैसर्गिक' कसं वागायचं ते फी घेऊन शिकवतात. बिऑन हसले असते.

पण त्यांचा दुसरा प्रयोग फारसा कोणाला माहीत नाही. त्यांनी सुचवलं की पलटणीतल्या साध्या शिपायांनाच विचारा, तुमच्यातल्या कोणाला अधिकारी करावं? ज्याच्या हाताखाली मरायचं, त्याच्याबद्दल मत द्यायचा हक्क मरणाऱ्याला. काही पलटणींत करून पाहिलं. वरिष्ठांना ते मानवलं नाही आणि ते बंद पडलं. उतरंड उलटी होईल ही भीती. मला वाटतं, या विषयात कोणी केलेल्या प्रयोगांत सर्वांत नैतिक प्रयोग हाच होता, आणि म्हणूनच त्याचं आयुष्य सर्वांत कमी. वरच्याला खूश ठेवून वर जाता येतं, हा डिक्सन यांचा आजार. बिऑन यांनी तीस-पस्तीस वर्षं आधी त्यावर निदान एक औषध तरी सुचवलं होतं.

या विद्येची तिसरी वाटही आहे, तिचाही उल्लेख करायला हवा. अमेरिकी वायुदलात मिचेल आणि जेसन हे दोन मानसशास्त्रज्ञ होते. सैनिक शत्रूच्या हाती पडला तर छळ कसा सोसायचा, याच्या प्रशिक्षणाशी त्यांचं काम जोडलेलं. २००१नंतर त्यांनी तेच ज्ञान उलटं फिरवून सीआयएला चौकशीत छळ कसा करायचा ते शिकवलं आणि त्यांच्या कंपनीला ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेतल्या काहींनी संरक्षण खात्याशी संगनमत करून नीतिनियम सैल ठेवले, हे २०१५च्या एका स्वतंत्र चौकशीत बाहेर आलं. मग संघटनेने अशा चौकशांत भाग घेण्यावर बंदी घातली. डिक्सन यांनी सैन्य सोडून मग सैन्याबद्दल लिहिलं, हा काहींना पळपुटेपणा वाटतो. मला या दोघांकडे पाहिल्यावर ते अंतर ठेवणं शहाणपणाचं वाटायला लागतं. जो पगार देतो त्याचंच मन तपासणं कठीण. बाकी सगळ्यांची मनं तपासायला मात्र तो आनंदाने पैसे देतो.

पुढच्या महिन्यात मला टीम लीड करतायत, सहा जण हाताखाली येतील. त्यासाठी कंपनीने तीन दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण ठेवलं होतं. तिथे आम्हाला एसएसबीचे पंधरा गुणही दाखवले: परिणामकारक बुद्धिमत्ता, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, आत्मविश्वास, निर्णयाचा वेग, निर्धार, धैर्य वगैरे. चांगली यादी आहे. टाउनशेंड त्यात बहुधा पास झाला असता, निर्णयाचा वेग आणि गटावर प्रभाव यांत तर पैकीच्या पैकी. प्रशिक्षण देणारे सर स्वतः निवृत्त कर्नल होते. चहाच्या वेळी मी त्यांना कूतबद्दल विचारलं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ''पलटणीत गेल्यावर पहिल्या दिवशी आम्ही लंगरमध्ये जायचो. जेवायला नाही. पोती बघायला.''